पहिला फटका कुणाच्या अंगावर? सूट, वजावट आणि पीक विमा यांची जुनी हकीकत



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात चावडीपुढच्या पारावर पीक विम्याची सभा होती. त्या हंगामात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला होता. एका वयस्कर शेतकऱ्याचं दोन एकर सोयाबीन पार पिवळं पडून गेलं होतं, शेंगा भरल्याच नव्हत्या. हप्ता वेळेवर भरलेला, पावती जवळ होती, पण भरपाई शून्य. ते उठून म्हणाले, "साहेब, नुकसान माझं, मोजमाप मंडळाचं, आणि पैसा कुणालाच नाही. हा काय हिशेब?"

मी शिकलेलं उत्तर दिलं : "आबा, मंडळाचं उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा जास्त आलं, म्हणून भरपाई बसली नाही."

आबा म्हणाले, "उंबरठा घराला असतो. सोयाबीनला कुणी घातला?"

पारावरची मंडळी हसली. मीही हसलो, पण उत्तर माझ्यापाशी नव्हतं. बी. एस्सी. ॲग्री.ला असताना कीड-रोग, खतमात्रा सगळं शिकलो, पण हा उंबरठा कुणी, कधी आणि का घातला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे जमेल तसं वाचत गेलो. त्यातून जे समजलं ते या पत्रिकेत देत आहे. इतिहास आहे, पण उपयोगाचा आहे.

१. वजावट : शब्द एक, बाजू दोन

वजावट आपल्याला नवी नाही. बाजार समितीत माल घातला की पट्टी हातात येते. वर मालाची किंमत, खाली हमाली, तोलाई वजा, आणि शेवटी हातात येणारी रक्कम. ही वजावट आपल्या पैशातून जाते.

करातली वजावट उलट बाजूची. तिथं उत्पन्नातून खर्च वजा केला जातो आणि उरलेल्यावरच सरकार कर मागतं. म्हणून करात वजावट जितकी मोठी तितका आपला फायदा.

विम्यातली वजावट पुन्हा बाजू बदलते. नुकसान झालं की त्यातला पहिला ठरावीक वाटा विमेदाराने सोसायचा आणि त्यापलीकडचं कंपनीने द्यायचं. कंपनीच्या कागदावर याला 'डिडक्टिबल' किंवा 'एक्सेस' म्हणतात. आपण त्याला 'अंगावरचा वाटा' म्हणू. माझ्याच मोटारसायकलचं सांगतो. घसरून पडली, दुरुस्तीचं बिल झालं. दाव्याचा हिशेब आला तेव्हा त्यात १०० रुपये सक्तीची वजावट आणि शिवाय प्लॅस्टिकच्या भागांची घसारा म्हणून निम्मी किंमत कापलेली. मी चिडलो. मग पॉलिसी वाचली, तर सगळं आधीपासून लिहिलेलं. वाचलं नव्हतं ते मीच!

अंगावरचा वाटा ठेवण्याची कारणं दोन. पहिलं, अगदी लहान दाव्याची पाहणी आणि कागदपत्रं करायलाही मोठ्या दाव्याइतकाच खर्च येतो, आणि तो शेवटी सर्वांच्या हप्त्यातूनच वसूल होतो. दुसरं, थोडी झळ स्वतःला लागणार असली की माणूस आपल्या मालाची काळजी घेतो. दोन्ही कारणं खोटी नाहीत. पण वाटा किती ठेवायचा आणि नुकसान कुणी मोजायचं, हे प्रश्न त्यानंतर उरतात. खरा झगडा नेहमी तिथंच झालेला आहे.

२. जहाजावरचं धान्य

या गोष्टीचा एक जुना धागा इंग्लंडमधल्या समुद्री विम्यात सापडतो. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात १७४९ साली पॉलिसीला एक कलम जोडलं गेलं. त्यात मालाचे तीन वर्ग केले होते. पहिल्या वर्गात धान्य, मासे, मीठ, फळं, पीठ आणि बियाणं. या मालाचं अंशतः नुकसान झालं तर भरपाई नाही. अपवाद दोनच : जहाज रुतलं तर, किंवा सर्वांचा माल वाचवण्यासाठी मुद्दाम काही माल समुद्रात टाकावा लागला तर. दुसऱ्या वर्गात साखर, तंबाखू, ताग-अंबाडीसारखे धागे, कातडी. यांचं नुकसान ५ टक्क्यांच्या आत असेल तर काही नाही. तिसऱ्या वर्गात बाकीचा सगळा माल. त्याला ही मर्यादा ३ टक्के.

आता पहिल्या वर्गात काय काय आहे ते पुन्हा वाचा. धान्य, फळं, बियाणं. शेतमालावर विमेवाल्यांचा विश्वास तेव्हापासूनच कमी! कारणही समजण्यासारखं आहे. पोत्यातलं धान्य खारं पाणी लागून खराब झालं की मुळातच ओलं होतं म्हणून बुरसलं, हे बंदरावर उभं राहून सांगता येत नाही. जे नीट मोजता येत नाही त्याची जोखीम कुणी घेत नाही.

आणखी एक बारकावा ध्यानात घ्या. त्या कलमातली ३ आणि ५ टक्क्यांची रेघ ही आजच्या वजावटीसारखी नव्हती. नुकसान रेघेच्या आत असेल तर शून्य, पण रेघ ओलांडली की सगळं नुकसान भरून मिळे. समजा माल १०० रुपयांचा आणि रेघ ३ टक्के. दोन रुपयांचं नुकसान झालं तर काही नाही. चार रुपयांचं झालं तर चारही रुपये मिळत. आजच्या वजावटीत चारातले तीन आपल्या अंगावर आणि एकच रुपया कंपनीकडून.

पहिल्या प्रकारात रेघेशी एकदम कडा असते. अलीकडे शून्य, पलीकडे सगळं. अशी कडा असली की माणसं नुकसानीपेक्षा मोजमापावर जास्त भांडतात. हीच गोष्ट आपल्याकडे सरकारी साऱ्याच्या बाबतीत घडली.

३. सरकारसारा आणि सूट

आपल्याकडे शेतकऱ्याची जोखीम पहिल्यांदा विम्यात नव्हे, साऱ्यात मोजली गेली. पेशवाईतही अवर्षण पडलं, टोळधाड आली किंवा फौजेने मुलूख तुडवला तर गावाची पाहणी होऊन साऱ्यात सूट मिळत असे. आस्मानी-सुलतानी हा जोडशब्द आपण आजही सहज बोलतो.

१८१८ साली इंग्रजी अंमल आला. मुंबई इलाख्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुण्याकडच्या मुलखाची मोजणी करून जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. म्हणजे खर्चाची वजावट देऊन उरलेल्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा. कागदावर हिशेब चोख होता. पण उत्पन्नाचे अंदाज चुकले आणि खर्च कमी धरले गेले. सारा झेपेना. जमिनी पडीक पडल्या, कित्येकांनी गावं सोडली.

मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत घातली. जमिनीचा मगदूर पाहून रोख सारा ठरवायचा, तो पहिल्यापेक्षा हलका ठेवायचा आणि तीस वर्षं बदलायचा नाही. आपल्या सातबाऱ्यावरचा 'आकार' हा त्याच पद्धतीचा वारस आहे.

पण या हलक्या साऱ्याला एक अट चिकटलेली होती. विचार असा की सारा सरासरी सालाला झेपेल इतकाच ठेवला आहे, तेव्हा शेतकऱ्याने चांगल्या सालात शिल्लक टाकावी आणि वाईट साल त्यातून भागवावं. दर साली सूट मागायची नाही. त्यामुळे सूट ही रीत न राहता अपवाद झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर वाईट सालाचा जवळजवळ सगळा फटका शेतकऱ्याच्या अंगावरचा वाटा ठरला.

शिल्लक टाकणार कुठून? कोरडवाहू शेतकऱ्याच्या चांगल्या सालाचं पीक सावकाराच्या जुन्या बाकीत जायचं. सारा रोख आणि ठरल्या तारखेला भरायचा, म्हणून वाईट साली पुन्हा सावकाराचंच दार. तीस वर्षं संपल्यावर फेरआकारणीत सारे वाढले. त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव उतरले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-दस्तऐवज काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. सावकारावर थोडा लगाम आला, पण वाईट साली साऱ्याचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला.

१८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी शेतकऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगितली : सूट ही भीक नव्हे, सरकारच्याच नियमात ती लिहिलेली आहे, ते नियम वाचा आणि सूट मागा. कागद वाचायला शिकवणं ही त्या काळातली मोठी चळवळ होती. पुढे १९०१ च्या दुष्काळ आयोगानेही सांगितलं की पीक बुडालेल्या साली वसुली तहकूब करावी, गरज पडल्यास माफ करावी आणि ते वेळेवर जाहीर करावं.

इथं दोन शब्दांतला फरक पाहून ठेवा. तहकुबी म्हणजे आज नको, पुढच्या साली भरा. सूट म्हणजे माफ, पुन्हा मागणार नाही. आजही सवलती जाहीर होतात तेव्हा 'वसुलीस स्थगिती' आणि 'माफी' हे शब्द नीट वाचावेत. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४. चार आण्यांचा झगडा : खेडा, १९१८

पीक किती बुडालं हे सांगायला आणेवारी वापरत. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. मुंबई इलाख्यातल्या नियमाप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याखाली असेल तर त्या सालचा सारा पूर्ण तहकूब करायचा. पाहा, ही तीच कडा! चार आणे आले तर सगळी वसुली थांबणार, आणि रेघेच्या थोडं वर पीक लिहिलं गेलं तर शेतकऱ्याचा तो हक्क गेला. शेतातल्या पिकात फरक एवढासा, पण घरावर होणाऱ्या परिणामात फरक केवढा!

१९१७ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अतिपावसाने पीक गेलं. खेडा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदार म्हणाले, चार आण्यांच्या वर आहे. अमृतलाल ठक्कर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन पाहणी केली. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल पुढे आले. त्यांची मागणी नियम बदला अशी नव्हती. नियम मान्यच होता. मागणी एवढीच, की मोजमापावर वाद आहे तर तिऱ्हाइतांकडून पुन्हा तपासणी होऊ द्या. सरकारने ते मानलं नाही.

२२ मार्च १९१८ रोजी नडियादला सत्याग्रह सुरू झाला. ज्यांची ऐपत होती त्यांनीही सारा न भरण्याची शपथ घेतली, कारण त्यांनी भरला असता तर गरिबांना घाबरून गुरंढोरं विकावी लागली असती. जप्त्या झाल्या. एका शेतातलं कांद्याचं उभं पीक चुकीने जप्त झालं म्हणून मोहनलाल पंड्या यांनी ते काढून नेलं आणि तुरुंगात गेले. लोकांनी त्यांना कौतुकाने 'डुंगळी चोर' म्हणजे कांदाचोर अशी पदवी दिली! अखेर जून १९१८ मध्ये, ऐपत आहे त्यांनी भरावं आणि गरिबांची वसुली तहकूब करावी, अशी तोड निघाली.

मला या हकीकतीतून जो धडा वाटतो तो असा. नियमात रेघ कितीही चांगली आखलेली असो, मोजणारा कोण आणि मोजताना शेतकरी हजर आहे की नाही, यावर सगळं ठरतं. खेड्याचा झगडा चार आण्यांचा नव्हता, तो मापाचा होता.

आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. महाराष्ट्रात ५० पैशांची रेघ महत्त्वाची ठरली आणि त्याखालच्या गावांना टंचाईच्या सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवाई अशा गोष्टी मुख्य झाल्या. रेघ सरकत राहिली, पण रेघ आहेच.

५. नजर अंदाजाकडून चिठ्ठीकडे

पूर्वी पीक किती आलं हे बांधावर उभं राहून नजर अंदाजाने सांगत. नजर माणसाची, आणि माणसाला वरिष्ठही असतात आणि सोयरेही. ही अडचण सोडवण्यात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा हात आहे : डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. व्ही. जी. पानसे. १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेच्या कामातून त्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशात रुजवली. कुठलं शेत, आणि त्या शेतातला कुठला तुकडा, हे माणसाने निवडायचं नाही. जणू चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग तेवढा तुकडा आखून, कापून, मळून, वजन करायचं. तुकड्याचं माप पिकाप्रमाणे ठरतं, जसं १० मीटर बाय ५ मीटर.

बंधूंनो, ही दोरी-खुंट्यांची साधी दिसणारी कापणी म्हणजेच आजच्या पीक विम्याचा काटा आहे. काटा बरोबर तर हिशेब बरोबर.

६. पीक विम्याचे प्रयोग

पिकाचा विमा उतरवावा ही कल्पना म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी फार आधी मांडली. १९२० साली त्यांनी यावर पुस्तक काढलं. प्रत्येक शेत तपासत बसण्याऐवजी त्या भागातला पाऊस मोजावा आणि पाऊस ठरावीक प्रमाणाखाली गेला की भरपाई द्यावी, असा त्यांचा विचार होता. कल्पना काळाच्या फार पुढची होती. ती तेव्हा कागदावरच राहिली.

प्रत्यक्ष सुरुवात १९७२-७३ साली गुजरातमध्ये एच-४ या संकरित कपाशीवर झाली. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांत आणखी काही पिकांना हा प्रयोग लागू केला. इथं प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान स्वतंत्र मोजायचे. १९७८ पर्यंत ३,११० शेतकऱ्यांनी भाग घेतला. हप्ता जमा झाला ४ लाख ५४ हजार आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार! एका रुपयाला आठ रुपयांच्या वर. असा विमा चालणार कसा? शिवाय गावोगावच्या लाखो शेतांची पाहणी करायला माणसं आणायची कुठून, हाही प्रश्न होताच.

यावर तोडगा सुचवला तो पुण्याच्या गोखले संस्थेतल्या प्रा. वि. म. दांडेकर यांनी. १९७६ साली त्यांनी मांडलं की भरपाई एका शेताच्या उत्पादनावर नको, सारख्या हवापाण्याच्या क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावर द्या. कापणी प्रयोग होतातच, त्यांचेच आकडे वापरा. मग शेतोशेत पाहणी नको, आणि मुद्दाम पिकाकडे दुर्लक्ष करून कुणाला भरपाईही मिळणार नाही. १९७९ साली या तत्त्वावर पथदर्शी योजना निघाली आणि १९८५ पासून सर्वंकष पीक विमा योजना आली. पीक कर्ज घेतलं की विमा आपोआप. १९९९ पर्यंत चाललेल्या त्या योजनेत सुमारे ४०४ कोटी रुपये हप्ता जमा झाला आणि सुमारे २,३०३ कोटी भरपाई दिली गेली. १९९९ मध्ये राष्ट्रीय कृषी विमा योजना आली. तिच्यात जोखीमस्तर ६०, ८० आणि ९० टक्के होते. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली, तिच्यात ७०, ८० आणि ९० टक्के. महाराष्ट्राने ७० टक्के धरला.

तर आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. सोयाबीनला उंबरठा घातला तो क्षेत्राच्या सरासरीचा, आणि तो घालण्यामागे चांगला विचार होता. ज्या संकटात सगळं मंडळ सापडतं, जसं अवर्षण, तिथं ही पद्धत बरी चालते. पण एका शिवारात रोग आला आणि शेजारच्या शिवारात नाही, तर ती त्या शेतकऱ्याला सोडून देते. हा पद्धतीतला दोष आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

७. हिशेब पाटीवर मांडू

आता आकडे घेऊ. हे आकडे समजण्यापुरते, कुठल्या मंडळाचे नव्हेत.

समजा एका मंडळात मागच्या सात वर्षांचं सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असं : १४, १२, ५, १५, १३, ८, १६. यातली चांगली पाच वर्षं घ्यायची : १६, १५, १४, १३, १२. बेरीज ७०, सरासरी १४. जोखीमस्तर ७० टक्के. १४ चे ७० टक्के म्हणजे ९.८ क्विंटल. हे झालं उंबरठा उत्पादन.

विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरू. आता चार प्रकार पाहा.

(अ) मंडळाचं उत्पादन १० क्विंटल आलं. नेहमीपेक्षा ४ क्विंटल कमी. पण ९.८ च्या वर आहे, म्हणून भरपाई शून्य.

(आ) उत्पादन ९ आलं. तूट ९.८ मधून ९ वजा, म्हणजे ०.८. ही ९.८ च्या सुमारे ८ टक्के. भरपाई सुमारे ४,०८० रुपये.

(इ) उत्पादन ४.९ आलं. तूट निम्मी. भरपाई २५ हजार.

(ई) उत्पादन शून्य. पूर्ण ५० हजार.

शेतकरी मनात काय हिशेब करतो? १४ चे ९ झाले, म्हणजे ३६ टक्के गेलं, म्हणजे १८ हजार मिळतील. हातात येतात चार हजार. मग फसवल्यासारखं वाटतं. मधला फरक कुठं गेला? तो अंगावरचा वाटा. १४ पासून ९.८ पर्यंतची घसरण आपली, तिथून खालची विम्याची. जसजसं नुकसान मोठं होतं तसतसा विम्याचा हात मोठा होतो. मधल्या नुकसानीत मात्र झळ आपल्यालाच जास्त.

८. थोडं आयकराबद्दल

पुष्कळ जण विचारतात म्हणून सांगतो. हिंदुस्थानात आयकर पहिल्यांदा १८६० साली आला, तेव्हा शेतीचं उत्पन्नही त्यात धरलं होतं. १८८६ च्या कायद्याने शेती उत्पन्न वगळलं. आजही केंद्राचा आयकर शेती उत्पन्नावर थेट बसत नाही. पण १९७३ च्या वित्त कायद्यापासून एक गोष्ट ठरली. नोकरी-धंद्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांहून जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना शेती उत्पन्न जमेस धरतात. 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे बियाणं, खत, मजुरी वजा जाता. इथं वजावट आपल्या बाजूची, पण पावती असेल तरच. दूध आणि कोंबडी यांचं उत्पन्न शेती उत्पन्नात बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

९. आपण काय करावे?

१) हप्ता भरण्यापूर्वी चार आकडे वहीत लिहून घ्या : विमा संरक्षित रक्कम, आपला हप्ता, जोखीमस्तर आणि आपल्या मंडळाचं उंबरठा उत्पादन. तालुका कृषी कार्यालयात विचारा. लाजू नका.

२) नियम दर हंगामाला तपासा. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद होऊन शेतकऱ्याने पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरायचा ठरला. कोणतं संकट विम्यात आहे आणि कोणतं नाही, हेही बदलतं. मागच्या सालच्या माहितीवर विसंबू नका.

३) पेरलेलं पीक आणि विमा उतरवलेलं पीक एकच असू द्या. पीक पाहणीची नोंद वेळेवर करा.

४) गावात पीक कापणी प्रयोग कधी, कुणाच्या शेतात, हे विचारून ठेवा आणि त्या दिवशी हजर राहा. तुकडा नेमून दिलेल्या जागीच आखला का, वजन नीट झालं का, पाहा. भांडायला नको, साक्षीला जा. काही पिकांना आता उपग्रहावरून काढलेल्या उत्पादनाचाही वाटा धरतात, तरीही शेतातल्या काट्याचं मोल कमी झालेलं नाही.

५) अंगावरच्या वाट्याची तरतूद स्वतः करा. पहिली तीस टक्के घसरण आपली आहे हे एकदा कळलं की ती कशाने भरून काढायची ते ठरवता येतं. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्या, एक-दोन शेळ्या पाळा, बचत गटात महिन्याला ठरावीक रक्कम टाका. विमा मोठ्या घावासाठी आहे. लहान घावाचं औषध घरातच ठेवावं लागतं.

६) पावत्या जपा. बियाण्याची, खताची, हप्त्याची. एका पिशवीत घालून खुंटीला टांगा, पण जपा.

पुढच्या हंगामात मी आबांच्या गावी परत गेलो. शाळेच्या फळ्यावर खडूने हाच सात वर्षांचा हिशेब मांडला. १४ चे ९.८ कसे झाले ते दाखवलं. आबा बराच वेळ फळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कळलं साहेब. पटलं मात्र नाही."

मी म्हणालो, "आबा, न पटलेलं तुम्ही बोललं पाहिजे, आम्ही वर कळवलं पाहिजे. खेड्याच्या लोकांनी तेच केलं."

जाताना त्यांनी विचारलं, "ती कापणी कोणत्या तारखेला आहे म्हणालात?"

तारीख मी लिहून दिली. त्या दिवशी ते बांधावर सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते.

आपले प्रश्न आपल्या आकाशवाणी केंद्राच्या पत्त्यावर शेती कार्यक्रमासाठी जरूर लिहून पाठवा. प्रश्न लिहिताना गाव, पीक आणि हंगाम लिहायला विसरू नका. नमस्कार.